नैसर्गिक बोलण्याचा नमुना

मी ध्वनिशास्त्रात पीएचडी करतोय. प्रबंधासाठी घरगुती, नैसर्गिक बोलणं रेकॉर्ड करायचं होतं, म्हणून आत्यापुढे माईक ठेवला. एरवी मिक्सरच्या वर आवाज चढवून बोलणारी आत्या माईक पाहताच घसा खाकरून म्हणाली, "नमस्कार. आजचे हवामान आल्हाददायक आहे." चार दिवस हेच. पाचव्या दिवशी गाइड मॅडमनी बजावलं, "सोमवारपर्यंत खरा नमुना आण, नाहीतर तुझा विषय बंद."

शेवटी माईक चालू ठेवून मी सहज म्हणालो, "आत्या, पीएचडीला अजून तीन वर्षं लागतील गं."

आत्या सुटली. "सात वर्षं झाली की रे घोड्या! 'भ' म्हणताना तोंडातून किती हवा सुटते हे मोजून आजवर कुणाचं भलं झालंय?" तिच्या 'घ', 'भ' अशा एकेका महाप्राणाला माईकवरचा स्पंज थरथरत होता. सुरातले चढउतार तर असे, की शिव्या खातानाही मला गहिवरून आलं. चांगली वीस मिनिटं चाललं.

सोमवारी मॅडमनी हेडफोन लावून ते सगळं दोनदा ऐकलं.

"उच्चार स्वच्छ, सूर अस्सल. असा नमुना मी तीस वर्षांत ऐकला नाही," त्या म्हणाल्या. मी खुर्चीत जरा ऐसपैस बसलो.

मॅडमनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले.

"पण बाईंचं म्हणणं मला पटलंय रे. तू नोकरी बघ. आणि बघशीलच, तर एखादी माझ्यासाठीही बघ."