गोकुळदासांचा पहिला मान

"सूड हा पाचवा पुरुषार्थ आहे," गोकुळदासांनी जाहीर केलं आणि स्वल्पविरामाची कळ कुठे असते, ते पुतणीला विचारलं.

विनितानं बोट दाखवलं. जत्रेचा प्रोग्राम तिनंच पायथनमध्ये लिहिला होता. ‘मानकरी’ नावाचा क्लास, म्हणजे एक साचा, त्यात गावातले सगळे मानकरी. जत्रेदिवशी ते एकमेकांना शुभेच्छा देत आणि कॉम्प्युटर बारीक बायकी आवाजात भोंग्यावरून वाचून दाखवी.

गोकुळदासांना शुभेच्छा द्यायच्या नव्हत्या. गेल्या जत्रेत पालखीपुढचा पहिला नारळ त्यांचा होता. शेजारचा पांडुरंग मध्येच घुसला आणि स्वतःचा फोडून मोकळा झाला. वर हसला. तेव्हापासून आमोण्याच्या तिठ्यावर जो तो खोट्या अदबीनं विचारी, "पात्रांव, यंदा कितवा नंबर?"

म्हणून साठी उलटल्यावर गोकुळदास पायथन शिकले. त्यांनी ‘टोमणा’ नावाचं फंक्शन लिहिलं. त्यात आधी टोमणा खाणाऱ्याचं नाव, मग मारणाऱ्याचं. स्वतःचं नाव घालायला ते कचरले नाहीत. निनावी सूड म्हणजे उपाशीपोटी ढेकर. घरी ते सुटंच, दोन्ही नावं देऊन चालवून पाहिलं, नेमकं लागलं. मग ते क्लासला जोडून दिलं आणि खाली ऐटीत लिहिलं: गोकुळदास.टोमणा(पांडुरंग). कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही.

पालखी आली. मंडप गच्च भरला. भोंगा बोलला, "पांडुरंग यांच्यातर्फे जाहीर करण्यात येते की, गोकुळदास हे हावरट असून नारळ दिसला की त्यांना देव दिसत नाही."

मंडप हसून लोळला. गोकुळदासांनी विनिताला खांबाआड गाठलं.

"काका, क्लासला जोडलेलं फंक्शन ज्याच्या नावानं बोलावतात, तो न सांगता पहिल्या जागेवर जाऊन बसतो," ती शांतपणे म्हणाली. "आणि पहिली जागा तुम्ही टोमणा खाणाऱ्याला ठेवली होती. पहिला मान तुम्हालाच हवा होता ना?"

तेवढ्यात गर्दी सारत पांडुरंग आला. गोकुळदासांनी बाह्या सरसावल्या. पांडुरंगानं त्यांच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला.

"बरा बोललंय मरे मी," तो म्हणाला. "फक्त पुढल्या खेपेक माझो आवाज बायकी नको, जरा दादल्याचो घाल."