बाहेर माणसं थांबलीत

डॉक्टरांच्या हातून आजवर एकही पेशंट निसटला नव्हता. निसटणार कसा, ते कुणाला सोडतच नसत. आतड्यातून तांदळाच्या दाण्याएवढा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, काढला, तरी दरवर्षी दुर्बिणीनं तपासणी. मार्गदर्शक सूचना सांगत, इतका लहान असेल तर दहा वर्षं बघू नका. डॉक्टर म्हणत, "सूचना लिहिणारे येणार आहेत का तुमच्या घरी रडायला?" पेशंट घाबरत आणि पुढची तारीख घेऊनच उठत.

आत्ता मात्र डॉक्टरांचा हात थांबला होता. समोरच्या पडद्यावर, आतड्याची वाट जवळजवळ बुजवून, एक खडबडीत, रक्ताळलेली गाठ बसली होती. टेबलावर कुशीवर झोपली होती त्यांची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी तिचा चांगला मोठा, धोक्याचा पॉलिप त्यांनीच काढला होता आणि तीन वर्षांनी ये म्हणून बजावलं होतं.

त्यांनी दुर्बीण पुढे सारून पाहिली. जाईना. पाणी मारलं. मग काही सुचेना, म्हणून बाहीनं पडदाच पुसला. गाठ होती तिथेच होती. सिस्टरनं मान दुसरीकडे वळवली.

"ताई, तीन वर्षांनी ये म्हटलं होतं ना मी? का नाही आलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आले होते की. दोनदा," ताई गुंगीत म्हणाली. "खिडकीवरची मुलगी म्हणाली, चार महिने तारीख नाही. तुझं नाव सांगणार होते, पण बाहेर ही गर्दी! एकेकाची तोंडं बघवेनात. म्हटलं, बिचारे खरे आजारी आहेत, त्यांचं होऊ दे आधी. आपलं काय, घरचंच दुकान."

"अगं, मग मला एक फोन करायचास!"

"केला होता. तू म्हणालास, ताई, पटकन बोल, बाहेर माणसं थांबलीत. मग म्हटलं, जाऊ दे. छोट्या, गप्प का झालास? काही सापडलं का रे?"

इतकी वर्षं परक्यांना सांगायची वाक्यं डॉक्टरांना पाठ होती. पण ही ताई होती. त्यांनी गाठीचा तुकडा घेतला, ताईच्या अंगावर चादर ओढली आणि ती सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"सर," सिस्टर हळूच म्हणाली, "बाहेरच्यांना परत पाठवू?"

"नको. वर्षाच्या तपासणीला उपाशी आलेत सगळे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी बाहेरचा प्रत्येक माणूस तपासला. एकालाही काही झालेलं नव्हतं.