क इमारतीचे गुण

“सर, हे वजन जरा हलवलं तर ‘क’ वाचते,” असं म्हणत ऑफिसातल्या तरुण सहायक अभियंता बाईंनी लॅपटॉप साहेबांकडे वळवला.

पाण्याची नवी टाकी बांधायची होती. त्यासाठी खात्याच्या तीन जुन्या इमारतींपैकी एक पाडायची होती. ज्या इमारतीला गुण जास्त, ती जाणार. नावं झाकून अ, ब, क लिहायचं ही साहेबांचीच शिस्त. नाव कळलं की हात कचरतो, असं ते म्हणत. पाहणीही ते एकटेच करून आले होते. ऑफिसात त्यांना मागून ‘ओळंबा’ म्हणत, भिंतीची सरळ रेषा तपासायच्या गवंड्याच्या दोरीसारखे, कुणाकडेच न झुकणारे म्हणून.

निकष तीन. जमिनीची उंची, वजन तीस टक्के. इमारतीची मोडकळ, तीस. किती कमी लोकांना घर सोडावं लागेल, चाळीस. ‘क’ला ६.९ गुण पडले होते, ‘अ’ला ५.३.

“शेवटच्यातले वीस मोडकळीला द्या, की ‘अ’ पुढे जाते. ती तशीही पडायला आलीय. ‘क’ चांगली धडधाकट आहे.”

“‘अ’मध्ये एकोणीस कुटुंबं आहेत. ‘क’मध्ये एक माणूस.”

“एक असला म्हणून काय झालं? त्याचंही घरच ना ते?”

“निकाल बघून वजनं लावायची तर आकडेमोड कशाला? चिठ्ठ्याच टाकू.”

ती हसली नाही. “त्याच्या घरात दुसरं कोणीच नाही?”

“बायको होती. जिन्यातल्या कुंड्या तिच्या. आता दाराबाहेर चपलांचा एकच जोड असतो.”

“येणारं-जाणारं?”

“मीटर बघणारा. महिन्यातून एकदा.”

“त्याला विचारलंत तरी का?”

“विचारलं. हरकत नाही म्हणाला.”

“लगेच?”

“नाही. बराच वेळ घेतला.”

तिनं लॅपटॉप मिटला. “लोक तुम्हाला म्हणतात ते काही खोटं नाही, सर.”

“काय म्हणतात?”

“काही नाही.”

“ओळंबा. माहीत आहे मला.” त्यांनी अहवालावर सही केली. वजनं होती तशीच राहिली.

नोटीस छापून आली तेव्हा साडेपाच होत आले होते.

“शिपायाबरोबर पाठवू?” तिनं विचारलं.

“नको. माझ्या वाटेवरच आहे.”

‘क’ इमारतीच्या जिन्यात दिवा नव्हता. साहेब कठड्याला हात न लावता दुसऱ्या मजल्यावर चढले. एकाच दारासमोर कुंड्या होत्या, माती ओली होती. त्यांनी नियमाप्रमाणे नोटीस दारावर बाहेरून चिकटवली, चारही कोपरे अंगठ्यानं दाबले आणि दुसऱ्या प्रतीवर वेळ लिहिली.

मग चपला काढून दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि खिशातून किल्ली काढली.