कुणाच्या शब्दावर

"सलून आहे, असं कॉलेजमधल्या कुणी सांगितलं तुला?" सुनावणी घेणाऱ्या बाईंनी पुन्हा विचारलं.

प्रमिलाने मान खाली घातली. हेअरड्रेसिंग शिकायला ती नागपूरहून मेलबर्नला आली होती. कॉलेजचं स्वतःचं सलून आहे, तिथे गिऱ्हाइकांवर हात बसेल, असं तिला फोनवर सांगितलं होतं. प्रत्यक्षात निघाली एक खोली आणि प्लॅस्टिकची डोकी. म्हणून फी परत मिळावी असा दावा तिने ट्रिब्युनलमध्ये लावला होता.

सांगणारा समोरच, कॉलेजच्या मॅनेजरशेजारी बसला होता. भास्कर. कॉलेजात ॲडमिशनचं काम बघायचा, नागपूरचाच. ती इथे आली तेव्हा खोली मिळेपर्यंत त्याने आणि त्याच्या बायकोने, सुनीतीवहिनीने, तिला वेरिबी उपनगरातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. त्याचा व्हिसा या नोकरीवरच होता.

"आठवत नाही," प्रमिला म्हणाली.

मॅनेजर निवांत मागे टेकला.

"असं काय करतेस, प्रमिला?" भास्कर मराठीत म्हणाला. "माझं नाव घे ना."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मॅनेजरने भास्करची बाही ओढली, तरी तो उठला आणि मॅनेजरकडे बोट दाखवत इंग्रजीत म्हणाला, "मीच सांगितलं तिला. मला यांनी सांगितलं होतं. मला ते खरं वाटलं."

"तुम्हाला खरं वाटलं असेलही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कायदा ते विचारत नाही. तुम्ही कॉलेजच्या वतीने बोललात आणि ती त्यावर विसंबली, एवढं पुरे."

निकाल प्रमिलाच्या बाजूने लागला. उद्यापासून येऊ नकोस, असं मॅनेजरने भास्करला जिन्यातच सांगितलं.

वेरिबीच्या ट्रेनमध्ये दोघं शेजारी बसले.

"हातची केस घालवत होतीस, वेडे," भास्कर म्हणाला.

"वहिनींना काय तोंड दाखवलं असतं मी?"

बरीच स्टेशनं गेली. मग प्रमिला म्हणाली, "दादा, वैष्णवी येतेय जुलैत. माझी धाकटी बहीण. तिच्यासाठी कुठलं कॉलेज बघू?"

"मला विचारतेस?"

"मग कुणाला विचारू?"

भास्करने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

"आत्ता नाही सांगत," तो म्हणाला. "शनिवारी दोघं जाऊ. आधी बघून येऊ."