गोदेचा नवरा

“एक पान राहिलं,” अम्मा म्हणाली.

रंजनीने पान मागेपुढे करून पाहिलं. दोनशे अकरा, दोनशे बारा. मधलं काही सुटलं नव्हतं. “नाही अम्मा. सगळं वाचलं.”

“मग नवरा वैद्याला आणायला गेला, ते कोठे आहे?”

अम्मा मांडी घालून शेवग्याचा पाला निवडत होती. अप्पांना जाऊन महिना झाला होता. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या कुंभकोणमच्या मराठी घरांत बहुतेकांचं असे तसंच अम्माचंही होतं. ती बोलायची मराठी, पण तिला वाचता यायचं फक्त तमिळ. मराठी पुस्तकं अप्पाच तिला वाचून दाखवत, आणि ही शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी तर दर दोन-तीन वर्षांनी. आता वाचायचं काम रंजनीकडे आलं होतं. ती पुण्याला कॉलेजात शिकवायची. परवा तिची परतीची गाडी होती.

तिने तो उतारा पुन्हा वाचला. आत गोदा बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. बाहेर तिचा नवरा ओसरीवर बसून विड्याच्या पानांच्या शिरा काढत होता. धाकट्या भावाने विचारलं, वैद्याला बोलावू का? तो म्हणाला, सकाळी पाहू. सकाळी गोदा नव्हती.

“तो जातच नाही, अम्मा. बसून राहतो.”

“तीन कोस गेला की चिखलातून. जोडा रुतला तो तिथेच टाकून गेला. वैद्य पुरामुळे दुसऱ्या गावी अडकलेला, त्याला तो तरी काय करणार?”

रंजनीने पानाकडे पाहिलं. तिथे चिखल नव्हता, जोडा नव्हता.

या माणसावरून मायलेकी वीस वर्षं फोनवर भांडत आल्या होत्या. रंजनी म्हणायची, गोदेला नवऱ्याने मारलं. अम्मा म्हणायची, निम्मा दोष सासूचा, निम्मा पुराचा, त्या बिचाऱ्याचा नखाएवढाही नाही. आपली आई पुरुषांना फार स्वस्तात सोडते, असं रंजनीला वाटत आलं होतं.

“हे अप्पांनी वाचलं?”

“मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तू पोटात होतीस. आठवा महिना. तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीचं एरंडेल लावत होते पोटाला. गोदेला कळा लागल्या तशी मी विचारलं, नवरा कोठे आहे? तुझे अप्पा थांबले. मग म्हणाले, निघाला. वैद्याकडे निघाला.” अम्माने एक काडी बाजूला टाकली. “तेव्हा तो दिवेलागणीला निघाला होता. पुढे दर खेपेला ते त्याला थोडं आधी निघायला लावायचे. मागच्या वर्षी तर दुपारच्या जेवत्या पानावरून उठून गेला.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“डोळे एका ओळीवर थांबलेले आणि तोंड चाललेलं. एवढं कळायला लिपी कशाला पाहिजे?”

“मग खरा दोष कोणाचा?”

“त्याचाच. अस्का, सगळा त्याचाच.” अम्मा सहज म्हणाली. “पण त्याच्यासाठी तुझे अप्पा चाळीस वर्षं चिखल तुडवत राहिले. मग मी काय बोलू?”

रंजनीने पुस्तक मिटलं. महिन्यापूर्वी मंगळवारी अम्माचा फोन आला होता, अप्पांना बरं नाही, ये. पुढ्यात पेपरांचा गठ्ठा होता. एवढे तपासते आणि निघते, ती म्हणाली होती. गुरुवारी संध्याकाळी ती गाडीत बसली. त्याच रात्री अप्पा गेले.

“मीही बसूनच राहिले, अम्मा.”

अम्माचे हात थांबले. ती काही बोलणार तोच चपला काढल्याचा आवाज आला आणि धनलक्ष्मीआत्या आत आली. अप्पांची थोरली बहीण. मासिक श्राद्धासाठी तिरुभुवनमहून एक दिवस आधीच आली होती. खांबाला टेकून तिने गुडघे पसरले आणि रंजनीकडे पाहिलं.

“काय गे प्रोफेसरीण, अजून आहेस? मला वाटलं, पेपरांनी बोलावलं असेल.”

रंजनीने तिला वाकून नमस्कार केला. आत्याने हात वर केला, पण बोलणं अम्माशीच चाललं होतं. “महिना झाला, तरी ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मंगळवारी फोन गेला आणि पोरगी उगवली शनिवारी. माझा भाऊ दाराकडे बघत गेला.”

रंजनीने काही बोलायला तोंड उघडलं.

“मंगळवारीच निघाली ती, अक्का,” अम्मा म्हणाली.

“मंगळवारीच?” आत्याने विचारलं.

“फोन ठेवला तशी निघाली. पुढे रुळांवर पाणी आलं. दोन दिवस गाडी जागची हलली नाही.”

“मला कोणी सांगितलं नाही हे.”

“त्या गडबडीत कोण कोणाला सांगणार?”

आत्या रंजनीकडे वळली. मग तिने तिला हाताला धरून जवळ बसवलं, तिच्या गालांवरून दोन्ही तळवे फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

“दोन दिवस. बाहेर पाऊस, आणि आत एकटी पोर.” आत्याचा आवाज खाली आला होता. “मग खाल्लंस काय गे?”

अम्मा मान खाली घालून पाला निवडत होती.

“इडली,” रंजनी म्हणाली. “एका स्टेशनावर मिळाली. गार होती.”