दर्भाचा कावळा

अकरा वाजून गेले तरी कावळा पिंडाला शिवेना.

नदीकाठच्या बाभळीवर चार कावळे बसले होते. एक खाली उतरला, पिंडाभोवती दोन पावलं चालला आणि परत वर गेला. पिंडाशेजारी कुंडलिकला आवडायचं ते मांडलं होतं. चहाचा कप, ओली भेळ, तंबाखूची पुडी. कुंडलिकला मुलगा नव्हता. धाकट्या भावाने, सावळारामने, मुंडण करून विधी अंगावर घेतले होते. तो हात जोडून उभा होता.

"दादा, वैनीला मी अंतर देणार न्हाय."

कावळे हलले नाहीत.

"सुकन्याचं लगीन थाटात लावून दिऊ."

"सात वर्सं परदेशात हुता त्यो," मागून कुणीतरी म्हणालं. "हितल्या कावळ्यास्नी वळख पटंना आसंल."

दोघे-तिघे हसले आणि टोपी सारखी करत गप्प झाले.

वरकुट्याचा कुंडलिक आखातात ट्रेलर चालवायचा. एकदा मालाखाली नशेच्या गोळ्या सापडल्या. मालकाने हात वर केले आणि कुंडलिकला बारा वर्षांची शिक्षा झाली. सहाव्या वर्षी त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात नेलं. तिथून घरी आली ती पेटी.

त्याची मुलगी सुकन्या बारामती एमआयडीसीत दूध तपासायच्या कामावर होती. बाहेरदेशी शिक्षा झालेल्या माणसाला, दोन्ही सरकारं कबूल असतील तर, उरलेली शिक्षा आपल्या देशात भोगता येते, हे तिने कुठूनतरी शोधून काढलं. मग चार वर्षं रजा टाकून इंदापूर, पुणे, मुंबई केली. बापाला येरवड्यात आणायचं, एवढंच तिने धरलं होतं. गावाला ते ठाऊक होतं. मघाशी साखर कारखान्याच्या एका संचालकांनीही माइकवरून श्रद्धांजली वाहताना तेच सांगितलं. मायभूमीच्या ओढीने झुरलेला जीव, म्हणाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुकन्याने लावला नाही.

परवा तिकडच्या वकिलाचा निरोप आला होता. कुंडलिकचं अपील अजून पडून होतं. ते चालू ठेवायचं तर वारसाने आठ दिवसांत सही पाठवायची होती. नाहीतर प्रकरण बंद झालं असतं आणि गुन्हा त्याच्या नावावर तसाच राहिला असता.

"हू दे की बंद," सावळाराम तेव्हाच म्हणाला होता. "माणूसच गेलं. आता कुणाला सोडवायचं? दहाव्याला कावळा शिवला की सुटला त्यो. आन आपूनबी."



ऊन चढलं. लोक घड्याळं बघू लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात आणि शिवला असं धरतात.

"थांबा, गुरुजी," सुकन्या म्हणाली.

"पोरी, आता आनी काय कबूल करायचं ऱ्हायलंय?" सावळाराम म्हणाला. "घरला यायचं हुतं त्याला. त्ये काय आता आपल्या हातात हाय का?"

"अण्णांना घरी यायचं नव्हतं, तात्या."

प्रयागबाईंनी, तिच्या आईने, मान वर केली.

"मंजुरी आली होती. दोन्हीकडची. गेल्या दिवाळीच्या आधी." सुकन्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "पण अपील चालू असलं की पाठवत नाहीत. ते मागं घेतो, अशी सही अण्णांनी करायची होती. मी फोनवर त्यांच्या पाया पडले. म्हणाले, येरवड्याला आलो तर तू डबा आणशील, आई भेटेल, समदं खरं. पण आलो तर गुन्हा कबूल करून आलो असं व्हईल. तसा न्हाय येणार."

"आन मला न्हाय सांगितलंस?" प्रयागबाई म्हणाल्या.

"तू त्यांना सही करायला लावशील, असं वाटलं त्यांना."

"लावलीच आसती." प्रयागबाई पिंडाकडे वळल्या. "पर न्हाईच केली त्येंनी?"

"नाहीच केली."

दहा दिवस प्रयागबाईंचा पदर तोंडावर होता. तो त्यांनी मागे सारला.

सावळाराम मात्र चटकन सावरला. अडलेलं कोडं सुटावं तसा त्याचा चेहरा उजळला.

"आगं मंग आसं सांगावं की! अडलंय कुठं? सही करते म्हण. अपील लढवते म्हण. आत्ता शिवतो बघ कावळा. मोकळा हुईल त्यो."

सगळे एकदा सुकन्याकडे, एकदा बाभळीकडे पाहू लागले. गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. कुणीतरी पोरांना मागे ओढलं, कावळ्याला वाट मोकळी करून दिली.

सुकन्या पुढे झाली. तिने वाकून एक ढेकूळ उचललं आणि नेम धरून बाभळीवर भिरकावलं. चारही कावळे उडाले आणि नदीपार गेले.

"सही मी कालच पाठवलीय," ती म्हणाली. "अण्णांना कोर्टानं सोडायचंय, तात्या. कावळ्यानं नाही."