काठोकाठ पेला

कल्पना करा, तुम्ही गाडीत मागच्या सीटवर बसला आहात आणि तुमच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला आहे. थेंबही सांडायचा नाही. चिमी वर्षभर अशीच बसत आली होती.

बाबांनी मागे एकदा गाडी ठोकली होती. तेव्हापासून विमा कंपनी त्यांना बेभरवशाचा ड्रायव्हर समजायची आणि हप्ता चढा लावायची. शेवटी कंपनीने स्टिअरिंगखाली एक डबी बसवली. करकचून ब्रेक लागला की ती चिरकायची. वर्षभरात एकदाही चिरकली नाही, तर हप्ता निम्मा. नाहीतर गाडी विकावी लागणार होती, आणि मग आजीकडची रविवारची फेरी बंद. म्हणून चिमीने पेला हाती घेतला. फेरी संपली की बाबा अदबीने विचारायचे, इन्स्पेक्टरबाई, आज पास का? त्या पेल्याला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती.

वर्ष संपत आलं होतं. गाडी गल्लीत वळली आणि समोरच्या काकूंचा छोटा गोट्या चेंडूमागे धावत रस्त्यात आला. बाबांनी करकचून ब्रेक दाबला. डबी चिरकली. अख्खा पेला चिमीच्या फ्रॉकवर. गोट्या बंपरपासून हातभर अंतरावर चेंडू कवटाळून उभा होता. चिमीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबीकडे बघून ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला घेऊनच कंपनीत गेले. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. असे ब्रेक मारावे लागणाऱ्यांच्या गाड्या जास्त धडकतात, त्यावरूनच हप्ता ठरतो, असं त्यांनी चिमीलाही समजावलं.

"डबीला ब्रेक कळतो हो," त्या म्हणाल्या. "कशासाठी मारला, ते नाही कळत. सूट नाही देता येणार."

"असू दे," बाबा म्हणाले. "वेळेवर लागला ना, बस्स. आजीकडे बसने जाऊ."

जिना उतरताना ते चक्क शीळ घालत होते. चिमी धुसफुसत मागून चालली होती.

संध्याकाळी काकू गोट्याला कडेवर घेऊन आल्या. बाबांशी बोलायला म्हणून आल्या, पण नुसत्या डोळे पुसत उभ्या राहिल्या. गोट्या मात्र खाली उतरला, तुरुतुरु चिमीपाशी आला आणि म्हणाला, "ताई, पाणी."

ओट्यावर तो पेला कालपासून पालथा पडला होता. चिमीने तो भरून गोट्याच्या हातात दिला. निम्मं पाणी त्याने अंगावरच सांडलं.

चिमीने पेला पुन्हा काठोकाठ भरला.